जोर नको, डोकं लावा!
पहिला कॉम्प्युटर स्वतः जुळवताना प्रोसेसर कसा बसवायचा

मित्रांनो, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ८०८५ च्या किटवर दोन आकड्यांची बेरीज केलेली आहे. पिन डायग्राम पाठ आहे, व्हायवाला विचारलं तर झोपेतही सांगू. पण आजचा खरा प्रोसेसर किती जणांनी हातात धरलाय? लॅबमधल्या मशीनला स्क्रू-ड्रायव्हर लावायची परवानगी नाही, आणि घरचा कॉम्प्युटर दुकानदाराने जुळवून दिलेला. मग कधीतरी प्रोजेक्टसाठी, गेमसाठी किंवा निव्वळ हौसेपोटी आपण सुटे पार्ट आणतो. रॅम बसते, एसएसडी बसते, केबिनेटचे स्क्रूही लागतात. प्रोसेसरपाशी मात्र गाडी अडते.

अडणारच. घरून आलेल्या पैशातला मोठा वाटा त्या चार सेंटिमीटरच्या चौकोनात गेलेला असतो. बॉक्सवर तीन वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते, पण आपल्या हाताने वाकलेली पिन त्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात, "जाऊ दे, दुकानदारच बसवून देईल." देईलही. पण हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि त्यात फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल आणि हीट ट्रान्स्फर असे तीन विषय एकदम आपल्या हाताखाली येतात. अशी संधी सोडू नये.

या लेखात नुसत्या पायऱ्या देण्यापेक्षा प्रत्येक पायरीमागचं कारण द्यायचा प्रयत्न आहे. कारण कळलं की हात थरथरत नाहीत. आणि सगळ्या कारणांचं सार एकच निघतं: प्रोसेसर ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. जिथे जोर हवा तिथे तो दांडी देते, आपला अंगठा नव्हे.

सॉकेट आधी, प्रोसेसर नंतर

पहिली चूक दुकानातच होते. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट एकच असलं पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सॉकेट जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. एलजीए ११५१ हे इंटेलचं सॉकेट २०१५ मध्ये आलं. २०१७ मध्ये आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच नावाच्या सॉकेटसाठी आले, पण ते जुन्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डांवर चालत नाहीत. खाचा जुळतात, प्रोसेसर आत बसतो, पण कॉम्प्युटर सुरू होत नाही. जुना बोर्ड स्वस्तात घेणारे इथे हमखास फसतात.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी. ते २०१६ मध्ये आलं आणि बरीच वर्षं टिकलं. २०१८ चा बी४५० बोर्ड २०२२ चा रायझन ५ ५६०० चालवू शकतो, पण त्याचा बायोस अपडेट केलेला असेल तरच. म्हणून बोर्ड घेताना कंपनीच्या वेबसाइटवरची प्रोसेसरची यादी उघडायची आणि आपल्या प्रोसेसरपुढे बायोसचा कोणता व्हर्जन लिहिलाय ते बघायचं. दुकानदाराला तो व्हर्जन टाकून द्यायला सांगायचं, किंवा प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येणारा बोर्ड घ्यायचा.

नावातली अक्षरंही नीट वाचा. इंटेलच्या नंबरामागे 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसताना असा प्रोसेसर आणला, तर तो कितीही व्यवस्थित बसवा, मॉनिटर काळाच राहणार. 'के' असलेल्या इंटेल प्रोसेसरच्या बॉक्समध्ये सहसा कूलर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. लॅमिंग्टन रोडला गेलात तर बॉक्स पॅक आणि सुटा ट्रे प्रोसेसर यांच्या भावात फरक सांगतील. सुट्यासोबत कूलर नसतो आणि बॉक्सवाली वॉरंटीही नसते. फरक कशाचा आहे ते विचारून मगच पैसे द्या.

इतक्या पिना कशाला?

८०८५ ला ४० पिना. त्यातली ४० नंबरची पिन ५ व्होल्टची, २० नंबरची ग्राउंड. म्हणजे पूर्ण चिपची वीज एका पिनने येते आणि एका पिनने जाते. आजच्या सॉकेटांचे आकडे बघा: एएम४ ला १३३१, एलजीए १७०० ला नावाप्रमाणे १७००, आणि २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला १७१८. रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी यांच्या तारा थेट प्रोसेसरपर्यंत येतात हे एक कारण. दुसरं कारण वीज.

साधं गणित करू. प्रोसेसर ६५ वॅटचा धरा आणि त्याचं व्होल्टेज १.२. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणून करंट = ६५ ÷ १.२ = सुमारे ५४ ॲम्पिअर! हॉस्टेलमध्ये बंदी असलेली १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार ॲम्पिअरही घेत नाही. आता हे ५४ ॲम्पिअर केसासारख्या बारीक पिनेतून पाठवायचे, तर ते वाटून पाठवावे लागणार. समजा शंभर पिनांत वाटले, तर एकीच्या वाट्याला अर्धा ॲम्पिअर. म्हणून मोठ्या संख्येने पिना फक्त वीज आणण्यासाठी आणि तितक्याच ग्राउंडसाठी राखलेल्या असतात.

यातून एक गोष्ट कळते. पिन वाकली तर काय बिघडेल हे ती कोणती पिन आहे त्यावर ठरतं. ग्राउंडची एखादी कमी पडली तर कदाचित काहीच जाणवणार नाही. रॅमच्या वाटेवरची गेली तर एक स्लॉट बंद पडेल. आणि वाकून शेजारच्या पिनेला टेकली तर शॉर्ट. "चालू तर झाला ना" एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी.

टेबलावरची तयारी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच: फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, चांगला उजेड, मदरबोर्डचं मॅन्युअल आणि तासभर मोकळा वेळ. बोर्ड केबिनेटमध्ये घालण्याआधी टेबलावरच प्रोसेसर, रॅम आणि कूलर बसवायचा. खाली बोर्डाचाच पुठ्ठ्याचा खोका ठेवा. गादीवर, चादरीवर किंवा लोकरीच्या शालीवर हे काम करू नका.

कारण स्टॅटिक. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात. चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात, म्हणजे आपल्याला काही कळलेलंही नसतं. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हा धोका कमी. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः विदर्भ-खानदेशच्या कोरड्या थंडीत, स्वेटर काढताना तडतड ऐकू येते तेव्हा जास्त. उपाय सोपा. स्वेटर आधीच काढून ठेवा, आणि प्रोसेसर उचलण्याआधी केबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. दर थोड्या वेळाने पुन्हा लावा. रिस्ट स्ट्रॅप मिळाला तर उत्तम. या सगळ्या कामात वीज जोडलेली नको.

प्रोसेसर नेहमी कडांना धरायचा, फोटो धरतो तसा. खालच्या बाजूला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल आणि घाम सोनेरी ठिपक्यांवर बसला की संपर्क बिघडतो.

पिना प्रोसेसरला असतील तर

एएम४ आणि त्याआधीचे बहुतेक एएमडी प्रोसेसर असे आहेत. इंटेलचेही २००४ पर्यंत असेच असत. सॉकेटच्या बाजूला एक दांडी असते. ती किंचित बाहेर ओढून पूर्ण उभी करा. दांडी उभी झाली की सॉकेटचा वरचा भाग थोडा सरकतो आणि आतले संपर्क पिनांच्या वाटेतून बाजूला होतात. म्हणजे आता भोकं पूर्ण मोकळी आहेत. या रचनेचं नावच 'झिरो इन्सर्शन फोर्स', बसवायला शून्य जोर. दांडी नसलेल्या जुन्या सॉकेटांत चिप अक्षरशः दाबून बसवावी लागे आणि काढताना खास अवजार लागे. त्या त्रासातून ही दांडी आली.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण आहे, सॉकेटच्या एका कोपऱ्यावरही तसाच. त्रिकोणावर त्रिकोण आणा आणि प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. चारही बाजूंनी वाकून बघा, कुठे फट दिसतेय का. दिसली तर दाबू नका! उचला, पिना उजेडात तिरप्या धरून बघा. शेतातल्या उसाच्या सरीसारख्या रांगा सरळ दिसल्या पाहिजेत. वाकलेली पिन लगेच डोळ्यात येते. ती हळूच सरळ करता येते: लेड काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक तिच्यावर चढवून किंवा रांगेतून जुनं एटीएम कार्ड फिरवून. एकदा वाकलेली पिन सरळ होते, पण दोन-तीनदा मागेपुढे केली तर तुटते. मटेरियल सायन्समधला फटीग तो हाच.

प्रोसेसर सपाट बसला की दांडी खाली आणून अडकवा. आता आतले संपर्क सरकून प्रत्येक पिनेला घट्ट धरतात.

पिना सॉकेटमध्ये असतील तर

इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणलं आणि पिना प्रोसेसरवरून सॉकेटमध्ये गेल्या. एएमडीनेही एएम५ पासून डेस्कटॉपला हाच मार्ग घेतला. इथे प्रोसेसरच्या खाली फक्त सपाट सोनेरी ठिपके असतात, आणि सॉकेटमध्ये वाकवलेल्या बारीक स्प्रिंगा. प्रोसेसर सुरक्षित झाला, पण नाजूकपणा बोर्डाकडे गेला. त्या स्प्रिंगांवर स्क्रू पडला, बाहीचं टोक अडकलं, किंवा प्रोसेसर तिरपा निसटला, की काम वाढलं. दोनदा वळवलेली ती स्प्रिंग हाताने पूर्ववत करणं फार कठीण.

म्हणून क्रम पाळा. दांडी खाली दाबून बाहेर काढा, वर उचला, धातूची चौकट उघडा. चौकटीवर काळं प्लास्टिकचं झाकण असतं ते तसंच राहू द्या. प्रोसेसरच्या कडेला खाचा आहेत, त्या सॉकेटमधल्या उंचवट्यांशी जुळवा. सरळ वरून ठेवा आणि सोडून द्या. ठेवल्यावर इकडेतिकडे सरकवायचं नाही. आता चौकट खाली आणा आणि दांडी दाबा. झाकण आपोआप उडून येतं. ते टाकून देऊ नका! बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सेंटरवाले आधी तेच मागतात.

दांडी दाबताना चांगलाच जोर लागतो, आणि बारीक करकर आवाजही येतो. इथेच नवख्याचा धीर सुटतो. पण गणित करा. समजा एका स्प्रिंगला दाबायला फक्त २० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. १७०० स्प्रिंगांना किती? १७०० × २० = ३४,००० ग्रॅम, म्हणजे ३४ किलो. सिमेंटच्या पोत्याचं दोन-तृतीयांश वजन! ते आपल्या बोटांना झेपतं कारण दांडी लांब आहे. फर्स्ट इयरचा 'लिव्हर'. आणि मधली चौकट तो भार अंगठ्याच्या एका ठिकाणी न पडता दोन्ही बाजूंना सारखा वाटते. म्हणून नियम असा: प्रोसेसर ठेवताना शून्य जोर, दांडी लावताना निर्धास्त जोर. मात्र दांडी दाबण्याआधी प्रोसेसर खाचांत सपाट बसलाय हे दोनदा बघा. तिरप्या प्रोसेसरवर ३४ किलो पडले तर काय होईल ते सांगायला नको.

पेस्टचं गणित

आता थर्मल पेस्ट. हिच्याबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. कोणी म्हणतं भरपूर लावा, कोणी म्हणतं नखाएवढी. आपण फूरियरलाच विचारू.

प्रोसेसरचं वरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही सपाट दिसतात, पण बारीक पाहिलं तर दोन्हीवर डोंगरदऱ्या आहेत. दोन्ही एकमेकांवर ठेवले की शिखरं टेकतात आणि दऱ्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तांब्याची सुमारे ४००. पेस्टची आपण ५ धरू.

समजा ३ सेमी × ३ सेमी क्षेत्रातून ६५ वॅट जातायत आणि मधला थर ०.१ मिमी आहे. तापमानातला फरक = वॅट × जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). पेस्टसाठी उत्तर येतं सुमारे १.४ अंश. तोच थर पूर्ण हवेचा असता तर सुमारे २७८ अंश! आणि तांब्याचा असता तर ०.०२ अंशही नाही. खऱ्या प्रोसेसरमध्ये उष्णता आतल्या लहानशा चिपमधून येते आणि धातू काही ठिकाणी टेकलेलाही असतो, त्यामुळे आकडे बदलतील, पण तुलना तीच राहील.

यावरून दोन्ही बाजूंच्या भांडणाचा निकाल लागतो. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट चांगली, म्हणून हवीच. पण तांब्यापेक्षा कितीतरी वाईट, म्हणून दऱ्या भरण्यापुरतीच हवी. थर अर्धा मिलिमीटर झाला तर तोच फरक ७ अंशांवर जातो. तेव्हा मधोमध मटाराच्या लहान दाण्याएवढी पेस्ट ठेवा. प्रोसेसर लांबट असेल तर छोटी रेघ ओढा. बोटाने पसरवू नका, कूलरचा दाब ती पसरवतो. बॉक्समधल्या कूलरच्या तळाला बहुधा पेस्ट आधीच लावलेली असते, मग वेगळी लावायची गरज नाही. आणि नव्या कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका. ती तशीच ठेवून "प्रोसेसर तापतोय" म्हणणारे दरवर्षी कोणीतरी निघतातच.

कूलर

२००० च्या सुमाराच्या एएमडी ॲथलॉनवर धातूचं झाकण नसायचं, सिलिकॉनची चिप उघडीच असायची. कूलर तिरपा दाबला की चिपचा कोपरा उडायचा, आणि कूलरशिवाय चालू केला तर प्रोसेसर काही सेकंदांत जळायचा. आज वर झाकण आहे, आणि प्रोसेसर साधारण ९० ते १०० अंशांजवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो. पण कूलर सरळ बसवण्याचा नियम अजून तोच.

चार स्क्रू असतील तर एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन-दोन फेरे देत जा. इंटेलच्या बॉक्स कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. त्याही समोरासमोरच्या जोड्यांनी 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, आणि बोर्ड उचलून मागून बघा, चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत का. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका बाजूला उचललेला राहतो आणि आपण वर केलेल्या गणितातली हवा तिथे शिरते.

पंख्याची चार तारांची वायर बोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या ठिकाणीच लावा. चारांपैकी दोन तारा विजेच्या, एक वेग सांगणारी, एक वेग ठरवणारी. दुसरीकडे लावली तर सुरू होताना बोर्ड पंखा नाही म्हणून तक्रार करतो.

पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर एएम४ वाल्यांनी खास लक्ष द्या. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि सरळ वर ओढलं तर दांडी बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट उपटून येतो. आधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे थोडा फिरवून सोडवा.

पहिला स्टार्ट

केबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावरच चालवून बघा. पॉवर सप्लायच्या दोन केबल लागतात: २४ पिनांची मोठी, आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. दुसरी विसरणं ही अगदी नेहमीची गोष्ट. वर धरलेले ६५ वॅट याच वाटेने येतात. १२ व्होल्टने येऊन सॉकेटशेजारच्या सर्किटमध्ये १.२ व्होल्टच्या आसपास उतरतात. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल सारखी दिसते पण जोडणी वेगळी असते, ती इथे घुसवू नका. शिरत नसेल तर ती चुकीचीच आहे.

पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला पाहिजे. स्क्रीनवर लगेच काही आलं नाही तरी घाबरू नका. डीडीआर५ रॅमचे बोर्ड पहिल्या वेळी रॅम तपासायला काही मिनिटंसुद्धा घेतात. तरीही काळोखच असेल तर या क्रमाने बघा: ८ पिनांची केबल, रॅम दोन्ही टोकांनी बसलीय का, मॉनिटरची केबल योग्य पोर्टमध्ये आहे का, बायोसचा व्हर्जन. प्रोसेसर उघडायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या आधीच सापडतो.

बायोसमध्ये गेलात की प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि तापमान बघा. ३५ ते ५० अंश असेल तर निश्चिंत व्हा. मिनिटाभरात ८०-९० कडे पळत असेल तर लगेच बंद करा. कूलर टेकलेला नाही किंवा ती फिल्म राहिलीय. मात्र मे महिन्यात नागपूरला खोलीच ४२ अंशांवर असेल, तर प्रोसेसर त्याच्या खाली कसा जाणार? हवेचा कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तिथे ५५ दिसले तर कूलरला दोष देऊ नका.

तर मित्रांनो, एवढंच आहे. नावं बदलत राहतील, पिनांची संख्या वाढेल, सॉकेटं येतील नि जातील. पण भार वाटून द्यायचा, संपर्क स्वच्छ ठेवायचा आणि हवेला मध्ये येऊ द्यायचं नाही, हे बदलणार नाही. अडलं तर थांबायचं आणि का अडलं ते शोधायचं. आणि एकदा स्वतःचा बसवून झाला की रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीतून हाक येणारच, "अरे, माझा पण बसवून दे ना!" तेव्हा जरूर जा. पण प्रोसेसर त्याच्याच हातात द्या, आणि तुम्ही फक्त उजेड धरा.